कुठलं जाळं

ग्रिम्सबीत उतरले तेव्हा माझ्या पिशवीत
बावीस रंगीत चित्रं होती, घडीचा फळा,
आणि राहुरीच्या मुलींवर तपासून पाहिलेले
तीन मुद्दे. चौथा प्रार्थनेचा.

आमचे दादा आठवडाभर मास्तर, रविवारी उपदेशक.
आधी पट्टी टेबलावर, मग वचन.
पाठ झालं म्हणजे झालं.
मीही तशीच घडले; समोरचा चेहरा ही भिंत
आणि आपल्या हातात चुन्याची बादली.

मिशनने यादी दिली. सोमवार, तिसरा मजला:
आर्थर स्टबली, वय एक्याऐंशी, एकटे,
कुत्रा आहे, चावत नाही.

मी पंचवीस मिनिटं बोलले.
गालीलचा समुद्र, होड्या, ते दोघे भाऊ,
चित्र क्रमांक सात: निळ्या पाण्यात पिवळं जाळं.
"जाळं म्हणजे," मी समजावलं,
"दोऱ्यांनी विणलेलं, मासे धरायचं साधन."
म्हातारा ऐकत होता. कुत्राही.
शेवटी त्याने विचारलं, "कुठलं जाळं?"

म्हटलं, जाळं. साधं.
"तसं नव्हे. फेकायचं, की ओढायचं,
की उभं लावून ठेवायचं?
आणि दुरुस्त करत होते म्हणतेस, तर फाटलं कुठे होतं?"
माझं बोट आठव्या चित्रावर तसंच राहिलं.
तो उठला, किटली लावली.
पन्नास वर्षं बोटीवर काढलेली, हे मला
चहा संपता संपता कळलं,
तेही भिंतीवरच्या फोटोवरून.

रात्री हॅरिएटबाईंना सांगितलं.
बहिऱ्या मुलांची शाळा चालवलेली ही बाई
आता चर्चमागच्या थंड खोलीत
आम्हा नव्यांना शिकवायला शिकवते.
हसेल वाटलं. हसली नाही.
"मग विचारलंस का, त्याचं कुठे फाटलं होतं?"
आणि मग, मोज्यावर मोजा चढवत,
"प्रश्न टाकलास की मनात दहापर्यंत मोज.
त्याआधी बोललीस तर मला पन्नास पेन्स."

पुढच्या सोमवारी पिशवी नेली नाही.
हात कुठे ठेवायचे कळेना.
म्हटलं, मला दाखवाल?
त्याने पलंगाखालून हिरव्या दोऱ्याचा गुंडा काढला,
एक लाकडी सुई, वीतभर, घासून गुळगुळीत.
सांगितलं काहीच नाही. एक गाठ मारली, हळू,
ती सोडवली,
सुई माझ्याकडे दिली आणि थांबला.

चुकली. थांबला.
पुन्हा चुकली. दोरा ओला झाला माझ्या घामाने.
त्याने सुई काढून घेतली नाही.
दादांनी घेतली असती.
मी तर पहिल्याच वेळी घेतली असती.
सहाव्यांदा गाठ बसली तेव्हा "हं" म्हणाला
आणि बिस्किट कुत्र्याला दिलं.

मग मी विचारलं. तुमचं कुठे फाटलं होतं?
मोजू लागले, मराठीत,
इंग्रजीतले आकडे मला घाईचे वाटतात.
एक. दोन. खालून बस गेली.
पाच. पत्र्यावर सीगल चालतोय, नखं वाजतात.
आठ. इथे जीभ वळवळली, देवा,
किती वचनं दातांपर्यंत आलेली.
नऊ. दहा.
अकरा.

"आइसलँडच्या बाजूला," तो म्हणाला. "जानेवारी.
दोरांवर बर्फ. माझा धाकटा भाऊ होता, रॉय."
पुढचं त्याने सुईकडे बघत सांगितलं.
ते मी इथे लिहीत नाही.

किटली कुणीच लावली नाही.
दारात मी चपला शोधत असताना, म्हणजे बूट,
अजून चपलाच म्हणते,
तो मागून म्हणाला,
"त्या होडीतले दोघे. भाऊ होते म्हणालीस ना?
सोमवारी परत सांग.
या वेळी सावकाश.
आणि चित्र नको."